छोट्या एसयूव्हींची मजबुती : कशी मोजतात, कशी वाचावी

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तालुका हा एकेकाळचा होळकरांचा मुलूख. काळ्या मातीची ही सपाटी बेटम्याच्या पुढे दक्षिणेकडे गेली की धार जिल्ह्यातील पिथमपूरची औद्योगिक वसाहत सुरू होते. ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांसाठी ही वसाहत जुनीच प्रसिद्ध आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सचाही येथे कारखाना आहे. २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी येथील ‘नॅट्रॅक्स’ या वाहन-चाचणी केंद्रातील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावमार्गाचे उद्घाटन केले, तेव्हापासून या परिसराचे नाव मोटारउद्योगात सर्वतोमुखी झाले. हा लंबवर्तुळाकार मार्ग आशियातील सर्वांत लांब म्हणून ओळखला जातो. त्याची वळणे अशी कललेली आहेत की ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीलाही चाक फारसे वळवावे लागत नाही.

वर्तमानपत्रांतून छायाचित्रे छापून येतात ती या वेगवान मार्गाची. गोव्यातील ग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्याच केंद्रातील दुसरे, कमी देखणे मार्ग अधिक मोलाचे आहेत. ओबडधोबड दगडी फरसबंदी, खडी, चढ-उतार, मुद्दाम ओला ठेवलेला निसरडा पृष्ठभाग अशा जागी गाड्या दिवसचे दिवस फिरवल्या जातात. सामान्य मालकाच्या हातून अनेक वर्षांत जे हाल व्हायचे, ते येथे काही आठवड्यांत होतात. कोणता जोड सैल पडतो, कोणते वेल्ड तडकते, दाराची चौकट किती पिळवटते याची नोंद होते. गाडी अडथळ्यावर आदळून तिची परीक्षा घेण्याचे काम वेगळ्या ठिकाणी, म्हणजे मानेसरचे आयकॅट किंवा चेन्नईजवळील ओरागडमचे केंद्र अशा प्रयोगशाळांत चालते. मजबुती या एका शब्दात आपण ज्या दोन गोष्टी कोंबतो, त्या तज्ज्ञांनी अशा वेगळ्या जागी वाटून टाकल्या आहेत. रोजच्या खड्ड्यांत गाडी टिकणे ही एक आणि अपघाताच्या एका क्षणात आतील माणूस टिकणे ही दुसरी. किनारपट्टीवरच्या राज्यात तिसरीही जमेस धरावी लागते, ती म्हणजे गंज.

बोटाने दाबून कळत नाही ते

शोरूममध्ये गाडी पाहायला गेलेले कुटुंब साधारणपणे एकाच क्रमाने परीक्षा घेते. बॉनेट अंगठ्याने दाबून पाहतात, दार आपटून आवाज ऐकतात, मागच्या दारावर टिचकी मारतात. पत्रा दबला की ‘डबा आहे’ हा शेरा ठरलेला. या परीक्षेला अगदीच अर्थ नाही असे नाही. दोन पत्र्यांमधील फट सर्वत्र सारखी आहे का, दार न लोटता बसते का, डॅशबोर्डचे प्लास्टिक कुरकुरते का, यावरून कारखान्याची शिस्त कळते. पण या शिस्तीचा आणि अपघातात जीव वाचण्याचा संबंध फार दूरचा आहे.

बाहेरून दिसणारा पत्रा बहुतेक छोट्या गाड्यांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, आणि महागड्या गाड्यांतही तो फार जाड नसतो. धडकेचा भार पेलणे हे त्याचे कामच नव्हे. बॉनेट तर हेतुपुरस्सर दबेल असे बनवलेले असते. पादचाऱ्याला धडक बसली की त्याचे डोके बहुधा बॉनेटवर आपटते, आणि तेथे कडक पोलाद असेल तर कवटी फुटते. दाराचा भारदस्त ‘धप्प’ आवाज दुहेरी रबरी पट्ट्या आणि आतून चिकटवलेले ध्वनिरोधक थर यांनी साधता येतो. त्यासाठी दाराच्या आतील आडवी पोलादी तुळई जाड असावी लागत नाही.

खरी ताकद दिसत नाही. चार मीटरच्या आतील बहुतेक एसयूव्हींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. काही हजार ठिकाणी ठिपका-वेल्डिंगने जोडलेली अखंड बॉडी हाच सांगाडा असतो. त्याचे दोन विभाग परस्परविरुद्ध स्वभावाचे असतात. पुढचा भाग चुरगळण्यासाठी असतो आणि माणसे बसतात तो पिंजरा न चुरगळण्यासाठी. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, दोन दारांमधला खांब, छताच्या कडा आणि दारांखालचा उंबरा यांचा हा पिंजरा बनतो. त्यात आता उच्चशक्ती पोलादाचा वापर वाढला आहे. साध्या पोलादाची पट्टी दर चौरस मिलिमीटरला साधारण ३०० न्यूटन ताण सोसते. बोरॉनयुक्त पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून साच्यातच झटकन थंड केले की तेच माप १५०० न्यूटनच्या घरात जाते. वजन न वाढवता पाचपट ताकद मिळते ती अशी. म्हणूनच ‘जड गाडी तीच मजबूत’ हा आजोबांच्या अॅम्बेसेडरच्या काळातला ठोकताळा आज लागू पडत नाही.

चार मीटरचे कुंपण

हा वर्ग मुळात जन्माला आला तो करामुळे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. अट अशी, की लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत आणि डिझेल १५०० पर्यंत. शुल्काची जागा पुढे जीएसटीने घेतली, तरी कुंपण राहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या आतील गाड्यांवर १८ टक्के आणि बाहेरच्यांवर ४० टक्के कर आहे. लांबीइतकेच इंजिनही महत्त्वाचे असल्याने दीड लिटर पेट्रोल इंजिनाची मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही सवलतीबाहेर राहते. चिंचवडच्या प्रीमियरची ‘रिओ’ २००९ मध्ये या आकारात आली होती, पण तिला कोणी फारसे विचारले नाही. बाजार उघडला तो २०१३ च्या फोर्ड इकोस्पोर्टने. तिची लांबी ३,९९९ मिलिमीटर, म्हणजे कुंपणाला अगदी खेटून. त्यानंतर २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन, २०१९ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाई व्हेन्यू, २०२० मध्ये किया सॉनेट आणि निसान मॅग्नाइट, २०२१ मध्ये रेनॉ कायगर अशी रांगच लागली.

लांबीची ही मर्यादा अभियंत्यासाठी अडचणीची आहे. चुरगळण्यासाठी पुढे जागा जितकी अधिक, तितकी धडक सौम्य. एक्सयूव्ही ३०० ही कोरियातील सँगयाँग टिवोली या सव्वाचार मीटरच्या गाडीवर बेतलेली, तर स्कोडाची कायलॅक ही कुशाकचाच पाया आखूड करून घडवलेली. कुशाकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २,६५१ मिलिमीटर, कायलॅकचे २,५६६. काटछाट कोठे करायची, सामानाच्या जागेत, मागच्या प्रवाशांच्या पायांपाशी की इंजिनापुढे, यात निर्मात्याचा कस लागतो.

योगायोगाने यातील तीन प्रमुख प्रतिस्पर्धी महाराष्ट्रातच बनतात. नेक्सॉन पुण्याजवळच्या रांजणगावला, महिंद्राची गाडी नाशिकला आणि कायलॅक चाकणला. तिघींचीही ‘भारत एनकॅप’ची प्रगतिपुस्तके उपलब्ध आहेत, त्यामुळे तुलना तोंडी दाव्यांवर अवलंबून राहत नाही.

प्रगतिपुस्तक उघडून पाहताना

‘भारत एनकॅप’ची घोषणा ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी केली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अमलात आली. सहभाग ऐच्छिक आहे. सरकारची सक्तीची धडक-चाचणी वेगळी असते, आणि तिच्यात समोरच्या धडकेचा वेग ताशी ५६ किलोमीटर असतो. ‘भारत एनकॅप’मध्ये तो ६४ आहे. आठ किलोमीटरचा फरक किरकोळ वाटेल, परंतु धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तो फरक सुमारे ३१ टक्क्यांचा होतो. ताशी ६४ किलोमीटरने आदळणे म्हणजे सुमारे १६ मीटर उंचीवरून, पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, गाडी खाली सोडण्यासारखे आहे. आदळताना गाडीच्या पुढच्या भागाचा केवळ ४० टक्के हिस्सा अडथळ्यावर येतो, कारण रस्त्यावर समोरून येणाऱ्याला आपण क्वचितच बरोबर मधोमध धडकतो. दुसऱ्या चाचणीत ताशी ५० किलोमीटर वेगाचा सरकता अडथळा बाजूने येऊन आदळतो. तिसरीत गाडीच ताशी २९ किलोमीटरने आडवी सरकत खांबावर जाते.

प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी ३२ गुण असतात, समोरच्या धडकेचे १६ आणि बाजूच्या धडकेचे १६. मुलांसाठी ४९ गुण. पाच ताऱ्यांसाठी प्रौढ गटात किमान २७ आणि बालगटात ४१ गुण लागतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नेक्सॉनला ३२ पैकी २९.४१ गुण मिळाले. त्यानंतरच्याच महिन्यात एक्सयूव्ही ३०० ची सुधारित आवृत्ती असलेल्या एक्सयूव्ही ३एक्सओला २९.३६. जानेवारी २०२५ मध्ये कायलॅकला ३०.८८. तिन्ही पंचतारांकित. जाहिरातीत तिन्हींचे पाच तारे सारखेच लखलखतात, आणि पहिल्या दोघींत तर अवघा पाच शतांश गुणांचा फरक. पण बेरजेची फोड पाहिली की चित्र बदलते. नेक्सॉनला समोरच्या धडकेत १४.६५ आणि बाजूच्या धडकेत १४.७६, म्हणजे दोन्हीकडे सारखीच कामगिरी. महिंद्राला बाजूच्या धडकेत १६ पैकी पूर्ण १६, समोरच्या धडकेत मात्र १३.३६. कायलॅकला समोर १५.०४ आणि बाजूला १५.८४. समोरच्या बाजूने ती तिघींत वरचढ, आणि बाजूच्या धडकेत महिंद्राच्या किंचित मागे. बालगटात कायलॅकला ४५, नेक्सॉनला ४३.८३ आणि महिंद्राला ४३ गुण आहेत. एप्रिल २०२५ मध्ये कियाच्या सायरोसनेही ३०.२१ आणि ४४.४२ गुणांसह याच पंक्तीत जागा मिळवली. हिचेही माप चार मीटरच्या आतले.

एवढ्यावरून ‘कायलॅक सर्वांत मजबूत’ असा निवाडा देण्याची घाई करू नये. एकाच गाडीच्या दोन नगांतही थोडा फरक पडू शकतो, तेव्हा एखाद्या गुणाच्या फरकावर भांडणे व्यर्थ. मात्र महिंद्राच्या दोन रकान्यांतील अडीच गुणांहून अधिक अंतर दुर्लक्षिण्यासारखे नाही. ते गाडी वाईट असल्याचा पुरावाही नव्हे. तिचे बळ कोठे आहे, एवढेच त्यातून कळते.

गोंधळ होतो तो जुन्या-नव्या ताऱ्यांची सरमिसळ केल्याने. ब्रिटनस्थित ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतीय गाड्यांचे पहिले निकाल जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केले, तेव्हा देशातील लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांना एकही तारा मिळाला नव्हता. नामुष्कीच ती. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन १७ पैकी १६.०६ गुण घेऊन पंचतारांकित ठरली आणि भारतीय बनावटीच्या गाडीने हे प्रथमच साधले. त्याच वर्षी आधीच्या चाचणीत तिला १३.५६ गुण आणि चार तारे होते. जानेवारी २०२० मध्ये एक्सयूव्ही ३०० ने १६.४२ गुण घेतले. पण त्या वेळच्या गुणदानात केवळ समोरच्या धडकेला स्थान होते. जुलै २०२२ नंतर ‘ग्लोबल एनकॅप’नेही बाजूच्या धडकेचे गुण धरले आणि एकूण गुण ३४ झाले. त्या कडक कसोटीवर फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या नेक्सॉनला ३२.२२ गुण मिळाले. म्हणजे २०१८ चे पाच तारे आणि २०२४ चे पाच तारे हे दोन वेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत. २०१८ च्या नेक्सॉनला बालगटात तीनच तारे होते, हे त्या वेळच्या जल्लोषात फारसे कोणी वाचले नाही. ब्रेझाचे २०१८ मधील चार तारे जुन्या पिढीचे. जून २०२२ मध्ये आलेली ब्रेझा ही वेगळी गाडी आहे, तिच्यासाठी ते तारे दाखवणे गैर.

‘ग्लोबल एनकॅप’च्या अहवालात ताऱ्यांखाली एक ओळ असते, ती बहुतेक वाचक ओलांडून जातात. सांगाडा ‘स्थिर’ की ‘अस्थिर’ हा तो शेरा. स्थिर म्हणजे ६४ च्या वेगाला पिंजरा शाबूत राहिला आणि आणखी थोडा भार सोसण्याची त्याची क्षमता शिल्लक आहे. अस्थिर म्हणजे तो हद्दीला पोचला. २०१८ च्या ब्रेझाचा, नेक्सॉनचा आणि २०२० च्या एक्सयूव्ही ३०० चा सांगाडा स्थिर ठरला होता. उलट सव्वाचार मीटरहून लांब असलेल्या किया सेल्टॉस आणि ह्युंदाई क्रेटा यांना अनुक्रमे २०२० आणि २०२२ मध्ये तीन तारे मिळाले आणि दोघींचाही सांगाडा अस्थिर नोंदला गेला. मोठी गाडी आपोआप भक्कम असते या समजाला याहून चांगले उत्तर नाही. एअरबॅगची संख्या वाढवून गुण वाढवता येतात, परंतु पिंजराच चेपला तर फुगलेल्या पिशवीला जागा कोठे उरणार? म्हणून तारे मोजण्याआधी ही ओळ शोधावी.

ताऱ्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ते साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच तुलनेला उपयोगी पडतात. बाराशे किलोंच्या पंचतारांकित गाडीला दहा टनांचा ट्रक समोरून आला तर तारे वाचवायला येत नाहीत. चाचणीच्या ६४ ऐवजी गाडी ताशी ८० ने आदळली तर ऊर्जा दीडपटीहून अधिक होते, १०० ने आदळली तर जवळजवळ अडीचपट. शिवाय चाचणीतील सर्व बाहुल्या पट्टा बांधून बसलेल्या असतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा गाडी अत्यंत महागडी आणि भक्कम होती. मागच्या आसनावरील दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्या एका वर्षात देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली.

माड, खांब आणि खारा वारा

गोव्यातील रस्त्यांचा विचार करता खांबाच्या चाचणीला विशेष महत्त्व द्यायला हवे. अंतर्गत रस्ते अरुंद, वळणांचे, आणि कडेला माड, आंबे किंवा विजेचे खांब अगदी डांबराला टेकलेले. पहिल्या पावसात चिखल-तेलाने निसरड्या झालेल्या वळणावर गाडी आडवी घसरली की ती दारानेच झाडाला भिडते. तेथे चुरगळायला इंजिनाची जागा नसते. प्रवाशाचा खांदा आणि झाडाचे खोड यांच्यात वीतभर अंतर आणि एक दार, एवढेच. अशा वेळी मधला खांब, दारातील तुळई, खालचा उंबरा आणि डोक्याशेजारी पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग यांच्यावर सारी भिस्त असते. ‘भारत एनकॅप’मध्ये तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ही परीक्षा द्यावीच लागते. घसरणे आवरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-यंत्रणा असेल तर पुष्कळदा हा प्रसंगच टळतो. सर्वांत स्वस्त आवृत्ती घेतानाही तिची चौकशी करणे चोर्ला किंवा अनमोड घाटातून नित्य ये-जा करणाऱ्यांना तरी चुकवता येणार नाही.

गंजाचा विषय वरवरचा समजला जातो, रंगाचा फोड किंवा कडेचा तांबूस डाग एवढाच. प्रत्यक्षात तो सांगाड्याचा विषय आहे. कारखान्यात बॉडी रंगवण्यापूर्वी संपूर्ण बुडवून विद्युत्प्रक्रियेने तिच्यावर गंजरोधक थर चढवला जातो. अनेक निर्माते जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे वापरतात, जोडांवर सीलंट भरतात आणि पोकळ भागांत मेणासारखे द्रव्य सोडतात. कोणी किती ठिकाणी जस्ताचा पत्रा वापरला हे माहितीपत्रकात क्वचितच छापलेले असते. विक्रेत्याला थेट विचारावे, आणि गंज-हमीचे कलम वाचावे. त्या हमीत बहुधा पत्र्याला आरपार भोक पडल्यासच भरपाईची तरतूद असते.

समुद्रकाठची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या जोडीला आपल्याकडे तांबड्या मातीचा चिखल असतो. दाराखालच्या उंबऱ्यात पाणी निथळून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. हा चिखल ती बुजवतो. मग उंबरा आतून ओला राहतो आणि आतूनच गंजत जातो. बाहेरचा रंग मात्र चकचकीत असतो. बाजूच्या धडकेत भार पेलणारा उंबरा तो हाच. पाच तारे मिळवलेली गाडी कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली होती, आठ पावसाळे काढलेली नव्हे. पावसाळ्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून खालचा भाग धुऊन घेणे आणि ती भोके मोकळी करून घेणे याला शंभरेक रुपयांपासून काहीशे रुपये पडतात. तळाला डांबरी थर फासणाऱ्यांनी तो गंजलेल्या किंवा ओल्या पत्र्यावर फासला तर ओल आत कोंडून उलट हानी होते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी एक धोका आहे आणि तो नव्या पोलादातूनच उद्भवला आहे. पूर्वी वाकलेला खांब गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकून सरळ करण्याची रीत होती, आणि साध्या पोलादाला ती चालून जाई. साच्यात घडवलेले बोरॉन पोलाद पुन्हा तसे तापवले की त्याची कमावलेली कठोरता उतरते. खांब दिसायला सरळ होतो, पण त्याची ताकद पूर्वीची राहत नाही. असा भाग दुरुस्त न करता निर्मात्याने आखून दिलेल्या रेषेवर कापून बदलायचा असतो. म्हणून जुनी नेक्सॉन असो वा एक्सयूव्ही ३००, व्यवहारापूर्वी विमा-दाव्यांचा इतिहास मागवावा. दारांची रबरी पट्टी ओढून मधल्या खांबावरील वेल्डचे ठिपके पाहावेत. कारखान्याचे ठिपके सारख्या अंतरावर आणि एकसारखे गोल असतात. गॅरेजमधले वेल्ड सलग, ओबडधोबड किंवा पुट्टीने झाकलेले असते. दोन्ही बाजूंच्या खांबांची अशी तुलना करायला पाच मिनिटे लागतात, आणि त्याला मेकॅनिकही लागत नाही.